अहज्याचं वय बावीस की बेचाळीस, आणि त्यावर विश्वास किती टांगायचा

सलाम. तुमचा प्रश्न मी आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे समजण्यात काही चुकलं असेल तर कळेल. शिरोली एमआयडीसीत तुमच्याबरोबर काम करणाऱ्या मित्राने जेवणाच्या सुट्टीत मोबाईलवर दोन ओव्या दाखवल्या. बायबलमधल्या २ राजे ८:२६ प्रमाणे यहूदा देशाचा राजा अहज्या गादीवर आला तेव्हा बावीस वर्षांचा होता. २ इतिहास २२:२ च्या इब्री (हिब्रू) पाठात मात्र बेचाळीस आहे. तुम्ही पाळकसाहेबांना विचारलंत. ते म्हणाले, "पवित्र शास्त्रात एक चूक मान्य केली की सगळंच खोटं मानावं लागेल. असली शंका सैतानाकडून येते." तेव्हापासून वचन वाचायला बसलं की मन लागत नाही. डोळे मिटून घ्यायचे नाहीतर सगळं सोडून द्यायचं, या दोनच वाटा तुम्हाला दिसतायत.

मी पाळकीय सेवेतून निवृत्त झालो, पण कोल्हापुरात शास्त्राभ्यासाचा वर्ग अजून घेतो. हा प्रश्न वर्गात दर एक-दोन वर्षांनी येतोच. कधी अहज्या असतो, कधी यहूदा इस्कर्योताचं मरण, कधी कोंबडा किती वेळा आरवला ते. अहज्याच्या वयात खरा रस कोणालाच नसतो, तुमच्या मित्रालाही नसावा. प्रश्न आहे तो 'एक चूक म्हणजे सगळं खोटं' या हिशेबाचा. हा हिशेब शास्त्राने घालून दिलाय की आपण? माझं मत स्पष्ट आहे, आपण. पण ते पटायला थोडं खोलात जावं लागेल.

आणि एक गोष्ट परिस्थितीवर अवलंबून आहे, तीही सांगून टाकतो. तुमची मंडळी कुठल्या परंपरेतली, हे तुम्ही लिहिलेलं नाही. रोमन कॅथलिक घरात वाढलेल्याला हा पेच इतका बोचत नाही. पेंटेकॉस्टल किंवा जुन्या मिशनच्या मंडळीत वाढलेल्याला तो पायाखालची जमीन सरकल्यासारखा वाटतो. शिवाय घरात आजारपण, दुःख चालू असेल तर हे सगळं महिनाभर बाजूला ठेवा. तेव्हा स्तोत्रं वाचा, अहज्या कुठे पळून जात नाही.

आता अहज्याचा निकाल लावू, तो सोपा आहे. त्याचा बाप यहोराम बत्तिसाव्या वर्षी राजा झाला आणि आठ वर्षं राज्य करून मेला, म्हणजे मरताना चाळीस वर्षांचा. हे २ इतिहास २१:२० मध्येच आहे, आदल्याच अध्यायात. त्याच्या जागी लगेच अहज्या आला. तो बेचाळीसचा असेल तर बापापेक्षा दोन वर्षांनी थोरला ठरतो. त्यात २२:१ सांगतं की तो सर्वांत धाकटा मुलगा होता, थोरले सगळे मारले गेले होते. हे फळ्यावर मांडलं की वर्गात आधी शांतता पसरते, मग मागच्या बाकावर कोणीतरी फिसकन हसतं. हसायला हरकत नाही. आकडा उघड उघड बिघडलेला आहे. जुन्या सिरियाई भाषांतरात इथे बावीस आहे, जुन्या ग्रीक भाषांतरात वीस. आजची काही भाषांतरं सरळ बावीस छापतात आणि तळाशी टीप देतात. हाताने नकला करण्याच्या कुठल्यातरी टप्प्यावर चूक झाली, एवढं धरून चालायला हरकत नाही.

मला यात जास्त मोलाची वाटते ती पुढची गोष्ट. हा घोटाळा त्या नकलाकारांच्या ध्यानात आला नसेल? ते अक्षरं मोजून नकला करणारे, समासात टिपा लिहिणारे लोक होते, आणि बेरीज त्यांनाही येत होती. तरी समोरच्या प्रतीत बेचाळीस होतं म्हणून त्यांनी बेचाळीसच उतरवलं. १ शमुवेल १३:१ याहून नवलाचं आहे. तिथे शौल राजा झाला तेव्हाचं वय असायला हवं, पण इब्रीत तो आकडाच गळालाय. शब्दशः वाचलं तर शौल एक वर्षाचा असताना राजा झाला असं निघतं! पिढ्यानपिढ्या विद्वानांनी ती ओवी तशीच, भगदाडासकट, पुढे दिली. ज्यांना शास्त्र चकचकीत करून दाखवायचं असतं ते असं करत नाहीत. एका चुकलेल्या आकड्याने माझा भरवसा उडत नाही. उलट एवढी ढोबळ चूकही कोणी गुपचूप दुरुस्त केली नाही, म्हणून बाकीच्या पाठावर तो वाढतो.

आपल्या मराठीतच याचं उदाहरण आहे. ज्ञानेश्वरी १२९० ची. तीनशे वर्षं व्हायच्या आत तिच्या नकलांत इतके अपपाठ शिरले की एकनाथांना १५८४ मध्ये, म्हणजे शके १५०६ ला, प्रती ताडून शुद्ध प्रत तयार करावी लागली. पाठ बिघडले होते म्हणून माउलींनी काही सांगितलंच नव्हतं, असं कोणी म्हणत नाही. नाथ ते काम करू शकले, कारण बिघाडापलीकडचं मूळ म्हणणं ओळखू येत होतं.

इथपर्यंत बिनचूकपणाचा सिद्धांत, म्हणजे शास्त्रात कसलीच चूक नाही हे मत, मानणाऱ्या विद्वानांचंही माझ्याशी भांडण नाही. तुमचे पाळकसाहेब ज्या सिद्धांताची बाजू घेतात, त्याचं सर्वांत गाजलेलं रूप म्हणजे १९७८ चं शिकागो निवेदन. त्यात एकोणीस कलमं आहेत. मी ते वर्गात वाचायला लावतो, कारण त्याचं नाव घेणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी ते वाचलेलं असतं. दहावं कलम म्हणतं की प्रेरणेची, म्हणजे शास्त्र देवाच्या प्रेरणेने लिहिलं गेल्याची, गोष्ट काटेकोरपणे मूळ हस्तलेखांपुरती आहे. नकला आणि भाषांतरं मूळाशी जितकी इमानी, तितकी ती देवाचं वचन. म्हणजे अहज्याचं बेचाळीस त्या निवेदनालाही जड जात नाही. तेरावं कलम सांगतं की ठोकळ आकडे, व्याकरणातले दोष, डोळ्यांना दिसतं तसं केलेलं निसर्गाचं वर्णन, सैल अवतरणं, समांतर वृत्तांतांतली वेगवेगळी निवड, यांमुळे बिनचूकपणाला बाध येत नाही. एकोणिसावं कलम तर म्हणतं की हा सिद्धांत तारणासाठी आवश्यक नाही. अर्थात तो नाकारल्याचे परिणाम गंभीर असतात, हेही लगेच जोडलेलं आहे. तेव्हा 'एक चूक म्हणजे सगळं खोटं' ही अट शिकागोच्या मंडळींनीही घातलेली नाही. तुमच्यावर लादली गेलीय ती त्यांच्याहूनही कडक.

हा विचार आपल्याकडे कसा आला, हेही जाता जाता सांगतो. 'मूळ हस्तलेख बिनचूक' ही मांडणी ज्या लेखाने ठाशीव केली तो हॉज आणि वॉरफील्ड यांचा, १८८१ चा. दोघंही अमेरिकेतल्या प्रिन्स्टनच्या प्रेस्बिटेरियन परंपरेतले. कोल्हापुरात १८५२ मध्ये काम सुरू करणारे रॉयल वाइल्डर पुढे त्याच प्रेस्बिटेरियन मिशनशी जोडले गेले आणि म्हातारपणी प्रिन्स्टनलाच राहिले. त्यांचा मुलगा रॉबर्ट कोल्हापुरात जन्मला आणि प्रिन्स्टनला शिकला. वाइल्डर साहेबांनी इथे हा सिद्धांत शिकवला असं मी म्हणत नाही, तसा पुरावा माझ्याकडे नाही. पण आपल्या भागातल्या मंडळ्यांचं नातं कुठल्या घराण्याशी आहे ते यावरून कळतं. त्या घराण्यात हा प्रश्न अटीतटीचा झाला, कारण समोर बायबलची चिकित्सा करणारे जर्मन टीकाकार उभे होते. त्या भांडणाचा आवेश आपल्याकडे आला, मूळ भांडण मात्र तिकडेच राहिलं.

आता बिनचूकपणा मानणाऱ्यांपासून मी कुठे वेगळा होतो ते. सगळ्याच अडचणी नकलाकाराच्या माथी मारता येत नाहीत. दावीदाची शिरगणती घ्या. २ शमुवेल २४:१ म्हणतं की परमेश्वराचा कोप भडकला आणि त्याने दावीदाला गणतीची बुद्धी दिली. १ इतिहास २१:१ म्हणतं की सैतानाने दिली. इथे कोणाच्या लेखणीची चूक नाही. एकच घटना दोन लेखकांनी आपापल्या काळाच्या समजुतीने पाहिली आहे, आणि 'इतिहास' या पुस्तकाचा लेखक कितीतरी नंतरचा आहे. देवाने सैतानाला मुभा दिली, ईयोबाच्या गोष्टीत दिली तशी, असा मेळ घालतात. तो मेळ वाईट नाही, मी स्वतः तो उपदेशात सांगितलाय. पण तो आपण घातलेला आहे. शमुवेलाच्या लेखकाला तशी गरज वाटली नव्हती, हे मान्य करायला हवं.

'मूळ हस्तलेख' म्हणजे तरी काय, हेही यिर्मया ३६ वाचल्यावर इतकं सोपं राहत नाही. यिर्मया सांगतो आणि बारूख शाईने गुंडाळीवर लिहून घेतो. ती गुंडाळी यहोयाकीम राजापुढे येते. हिवाळा आहे, शेगडी पेटलेली आहे. वाचणारा तीनचार स्तंभ वाचतो की राजा लेखनिकाच्या चाकूने तेवढा तुकडा कापतो आणि आगीत टाकतो. असं करत सगळी गुंडाळी जळते. मग यिर्मया बारूखाकडून पुन्हा सगळं लिहवून घेतो आणि शेवटची ओवी सांगते की तशाच आणखी पुष्कळ गोष्टी त्यात घातल्या गेल्या. यातला मूळ हस्तलेख कोणता, जळालेला की वाढवलेला? देवाचं वचन तेच राहिलं, पण ते कागदावर आलं ते सांगणारा, लिहिणारा, राग, चाकू आणि दुसरा प्रयत्न यांमधून. शास्त्र हे लपवत नाही. आख्खा अध्याय खर्चून सांगतं.

वर्गात मी एक काम हमखास देतो. वधस्तंभावरच्या फलकावर काय लिहिलं होतं ते चारही शुभवर्तमानांतून वहीत उतरवा, म्हणतो. मत्तयात 'हा यहूद्यांचा राजा येशू आहे'. मार्कात नुसतं 'यहूद्यांचा राजा'. लूकात 'हा यहूद्यांचा राजा आहे'. योहानात 'येशू नासोरी, यहूद्यांचा राजा'. बरं, हे भाषण नाही की ऐकताना शब्द मागेपुढे झाले. तो सगळ्यांना दिसेल असा टांगलेला लेखी फलक होता. योहान म्हणतो तीन भाषांत होता. तरी चौघांचे शब्द चार. उत्तम शुक्रवारी आपण चारही वृत्तांत वाचतो आणि त्या दिवशी मंडळीत कोणालाही हे खटकत नाही, कारण पिलाताने येशूला काय म्हणून टांगलं ते चौघंही एकमुखाने सांगतात. शब्दन् शब्द जुळवून देणं त्यांच्या मनातच नव्हतं. जे काम त्यांनी अंगावर घेतलंच नाही त्याचा जाब त्यांना विचारायचा आणि नापास करायचं, हा न्याय नव्हे.

माझी सर्वांत आवडती जागा मात्र १ करिंथ १:१४ ते १६. पौल तावातावाने लिहवून घेतोय की क्रिस्प आणि गायस यांच्याशिवाय तुमच्यातल्या कोणाचाही मी बाप्तिस्मा केला नाही. दोन ओव्या पुढे जातो आणि त्याला आठवतं, हां, स्तेफनाच्या घरच्यांचाही केला होता. त्याउपर आणखी कोणाचा केला असेल तर आठवत नाही, म्हणतो. म्हणजे चौदाव्या ओवीतलं विधान सोळाव्या ओवीत दुरुस्त झालंय आणि वर प्रेषित 'आठवत नाही' म्हणतोय. मागचं खोडून नीट लिहवून घेता आलं असतं. नाही घेतलं. विसरणं, आठवणं, स्वतःला सावरणं हे सगळं आपण ज्याला देवप्रेरित म्हणतो त्या पानावर आहे. याच पत्राच्या सातव्या अध्यायात तो सांगतो की हे प्रभूचं म्हणणं आणि हे माझं. प्रेरणा म्हणजे माणसाचा हात बाजूला सारणं असतं, तर या ओव्या असल्याच नसत्या.

माझ्या मते आपली गफलत इथे होते. आपण ज्या मातीत वाढलो तिथे श्रेष्ठ ग्रंथाची एक कल्पना तयार आहे. वेदांचा अर्थ लावणाऱ्या मीमांसकांनी वेदांना अपौरुषेय म्हटलं, म्हणजे त्यांना कोणी रचणाराच नाही. बायबल हाती घेताना नकळत आपण तीच फूटपट्टी घेऊन येतो. पण लूक आपल्या पहिल्याच चार ओव्यांत सांगतो की पुष्कळांनी वृत्तांत लिहिलेत, मीही मुळापासून बारीक शोध करून क्रमाने लिहितोय. हा अपौरुषेय ग्रंथाचा सूर नाही, चौकशी करून लिहिणाऱ्याचा आहे. २ पेत्र १:२१ मध्येही, पवित्र आत्म्याने प्रेरित झालेली माणसं बोलली असं आहे. बोलली ती माणसंच.

मग मी काय मानतो? शास्त्र ज्या कामासाठी दिलं गेलं त्या कामात ते फसवत नाही. २ तीमथ्य ३:१५ ते १७ मध्ये ते काम सांगितलंय: तारणाचं ज्ञान देणं, दोष दाखवणं, सुधारणं, नीतीत वळण लावणं. १९६५ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनेही जवळपास असंच म्हटलं, की आपल्या तारणासाठी देवाला जे सत्य लिहून ठेवायचं होतं ते शास्त्र निर्दोषपणे शिकवतं. प्रोटेस्टंट पाळकाने पोपच्या परिषदेचा दाखला द्यावा याचं आमच्या काही भावांना वाईट वाटतं, पण बरोबर ते बरोबर. आणि हे काही नवं खूळ नाही. मत्तय २७:९ मध्ये जखऱ्याचं वाटणारं वचन यिर्मयाच्या नावावर आहे. त्यावर प्रोटेस्टंट धर्मसुधारक कॅल्व्हिनने सरळ लिहिलं की यिर्मयाचं नाव इथे कसं आलं ते मला ठाऊक नाही आणि त्याची मी फार चिंताही करत नाही. कॅल्व्हिनची श्रद्धा कच्ची होती असं तुमचे पाळकसाहेब नक्कीच म्हणणार नाहीत.

यावर एक आक्षेप आहे आणि तो खरा आहे. चूक कुठली आणि वचन कुठलं हे ठरवायचं कोणी? एकदा दार किलकिलं केलं की माणूस आपल्याला नको ते सगळं 'मानवी' म्हणून बाहेर काढतो. मी अशी माणसं पाहिलीत. शत्रूवर प्रीती करा, हे त्यांना त्या काळापुरतं वाटतं आणि दशांशाचं वचन अवजड वाटतं. म्हणून माझा एक कडक नियम आहे. जी ओवी मला टोचते तिला मी कधीही मानवी चूक म्हणत नाही. आकडा, नाव, क्रम, समांतर वृत्तांत, इथे हस्तलेख आणि शेजारचे अध्याय काय म्हणतात ते पाहायचं. पण माझ्या वागण्यावर बोट ठेवणाऱ्या वचनापुढे मी परीक्षक होत नाही.

दुसरं, 'शास्त्रात आहे' आणि 'शास्त्र सांगतं' यांत फरक करायला शिका. ईयोबाच्या पुस्तकात त्याच्या मित्रांची भाषणं अध्यायच्या अध्याय आहेत, ऐकायला भक्तिभावाचीच. शेवटी ४२:७ मध्ये देव म्हणतो की हे माझ्याविषयी यथार्थ बोलले नाहीत. मत्तय ४ मध्ये तर सैतान स्तोत्र म्हणून दाखवतो. स्तोत्र १३७ च्या शेवटी शत्रूच्या लेकरांना खडकावर आपटण्याची भाषा आहे. ती बाबेलात लुटून नेलेल्या माणसाची किंकाळी आहे, आणि ती जशीच्या तशी प्रार्थनेच्या पुस्तकात राहू दिली गेली. तिला देवाची आज्ञा समजून वाचणं घातक आहे आणि फाडून टाकणं त्याहून वाईट.

आता तो 'एक चूक म्हणजे सगळं खोटं' हा हिशेब. पौलाने स्वतः 'हे नसेल तर सगळं व्यर्थ' असं म्हटलंय, पण कशाविषयी? १ करिंथ १५:१४. ख्रिस्त उठला नसेल तर आमची घोषणा व्यर्थ आणि तुमचा विश्वासही व्यर्थ. शास्त्रात एखादा आकडा चुकला असेल तर, असं तो म्हणत नाही. आणि त्याच अध्यायात तो उठलेल्या ख्रिस्ताला पाहिलेले साक्षीदार मोजतो: केफा (म्हणजे पेत्र), बारा जण, मग पाचशेहून अधिक भाऊ, त्यांतले बहुतेक अजून हयात आहेत म्हणतो. ज्या खांबावर त्याने भार दिला तो हा. यहूदाच्या एका राजाच्या वयावर तो भार आपण नेऊन ठेवला आणि आता छत हलतंय म्हणून घाबरतोय.

तुम्ही काय करावं? मित्राला सरळ सांगा, "हो, इथे आकडा चुकलाय, बहुधा नक्कल करताना." पळवाटा काढू नका. अहज्याला दोनदा राज्याभिषेक झाला होता वगैरे ओढूनताणून आणलेली उत्तरं ऐकवू नका, ती ऐकणाऱ्यालाही कळतात. मग त्याला विचारा की लूकाचं शुभवर्तमान सलग वाचायला आवडेल का. वाद घालणारे पुष्कळ असतात, वाचणारे थोडे. तो वाचायला तयार झाला तर तुम्हीही बरोबर वाचा.

पाळकसाहेबांशी भांडू नका, उपासनेनंतर चारचौघांत तर मुळीच नको. ते कळप सांभाळायला बघतायत, आणि शंका घेऊन गेलेली तरुण पोरं परत आली नाहीत असं त्यांनी पाहिलं असेल. घरी जा, चहाला बसा, २ इतिहास २१ आणि २२ उघडून बेरीज त्यांच्यासमोर करा आणि मग विचारा, "साहेब, हे वर्गात कसं शिकवावं?" शिकागो निवेदनाची दहावी आणि तेरावी कलमं सोबत न्या. ती त्यांच्याच बाजूच्या लोकांनी लिहिलेली आहेत, त्यामुळे ऐकून घेतील. तरी नाहीच पटलं तर यिर्मया ३६ पुढच्या बायबल क्लासला घेऊ या का, एवढंच विचारा. त्या अध्यायाला सहसा कोणी नाही म्हणत नाही.